पवनेच्या पठारावरचा नर भुंगेरा

१. शनिवारी सकाळी सव्वासहाला तळेगावहून निघाले.
२. पवनानगरच्या वरच्या पठारावर साडेतीन तास शोधलं. काही मिळालं नाही.
३. बारा वाजून दहा मिनिटांनी नर मिळाला.

आता सविस्तर. गवताळ पठारांवर राहणाऱ्या एका पानभुंगेऱ्याची ही उपप्रजाती. लांबी साडेचार मिलिमीटर, रंग काळपट तांब्याचा. माझ्याकडे फक्त माद्या होत्या, आणि उपप्रजाती पक्की करायला नर लागतो. दोन वर्षं तोच शोधत होते. प्रौढ भुंगेरे थोडेच आठवडे दिसतात आणि पठारावरची गवतकापणी, जिच्यात झुडपंही जातात, त्याच दिवशी संपणार होती. हुकलं असतं तर थेट पुढचं वर्ष.

कामशेतपर्यंत लोकल, तिथून पवनानगरची शेअर जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा अर्धा तास जास्तीचा धरा. पुढे पाऊण तासाची चढण. वर पाणी नाही, दोन लिटर न्या.

वर पाच-सहा जणी विळ्याने गवत कापत होत्या. मी झुडपांवरून जाळी फिरवत होते. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर मावशींनी विचारलं, मासं धराया वर कशाला आलीस, धरण खाली ऱ्हायलं. बाकीच्या हसल्या. मी भुंगेऱ्याचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, आमच्या वालावरचे किडे असेच, नुसती सावली पडली तरी पाय आखडून खाली पडतात.

"आदी खाली हात धर," त्यांनी सांगितलं. "मग पाल्याला हात लाव."

जाळी बाजूला ठेवली. डब्याचं पांढरं झाकण झुडपाखाली धरून फांदीला टिचकी मारली. सातव्या झुडपाला दोन भुंगेरे झाकणात पडले. भिंगातून पाहिलं, तर एकाच्या पुढच्या पावलाचा पहिला खंड रुंद होता. नर. तीनदा तपासलं, मग भिंग मावशींच्या हातात दिलं.

"एवढ्याशासाठी दोन वर्सं?"

"हो."

त्या मागे वळल्या. "त्यो कडेचा पट्टा कापू नका गं. हिचा किडा ऱ्हातो तितं."

घरी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिला. शंका उरली नाही. दोन वर्षं मी योग्य जागी उभी होते आणि जाळीच्या प्रत्येक फेरीत बहुतेक भुंगेरे स्वतःच्याच पायाशी पाडत होते. हे वहीत लिहून ठेवलं आहे, मावशींच्या नावासकट.

येत्या रविवारपर्यंत पट्टा उभा ठेवायचं मावशींनी कबूल केलं आहे. रविवारी त्यावरचे सगळे भुंगेरे मोजायचे आहेत आणि ते एकटीने होणार नाही. दोन माणसं हवीत. येणार असाल तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत खाली प्रतिक्रियांत कळवा.