कुरळ्यांचा फोटो

परवा नातीने केसांना कसलं तरी औषध लावलं आणि त्या सडक्या अंड्यांच्या वासाने मला थेट कतारला दोह्यातल्या अल नस्र वस्तीतल्या खोलीत नेऊन आपटलं. तिथे आम्ही सहा जण आणि एक खिडकीतला एसी. त्यातल्या चिपळूणच्या फिटरचा फोटो लग्नासाठी मुलीकडे जायचा होता, शुक्रवारी सुट्टीवर निघालेल्या गाववाल्याबरोबर. म्हणून गड्याने तसलंच औषध लावून केस डिस्को छाप कुरळे करून घेतले. न्हाव्याने बजावलं, तीन दिवस पाणी लावायचं नाही. बाहेर पन्नास डिग्री, दिवसभर डोक्यावर हेल्मेट. औषध आणि घामाचा असा रस्सा उकळला की खोलीतल्या माश्या, देवाशपथ, बहारीनला पळाल्या. आम्ही नाकं दाबून म्हणालो, "गच्चीवर झोप मेल्या." तो म्हणाला, "फोटो होईस्तर सोसा रे, जन्माचा प्रश्न आहे." गुरुवारी साइटवरून तसाच स्टुडिओत गेला. हेल्मेट काढलं, तर टाळूवर केस शेणासारखे थापलेले आणि कानांभोवती गोल झालर. शी. तोच फोटो गेला. महिन्याने मुलीच्या वडिलांचं पत्र आलं: मुलगा पसंत आहे, फक्त फोटोत टोपी का घातली आहे ते कळवावे. 'इथे ऊन फार' असं उत्तर मीच लिहून दिलं. लग्न झालं, पण वहिनींना खरं सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.