हवामानाचं सट्टम्

दारासुरमला बहिणीच्या घराशेजारी दिवसभर माग खडखडतात, म्हणून भाचीची मुलाखत कुंभकोणमला माझ्या वकिलीच्या खोलीत घ्यायची ठरली. लॅपटॉपच्या पडद्यावर पुण्यातल्या एका संस्थेच्या प्राध्यापिका येणार होत्या. देशोदेशींच्या हवामानबदलाच्या कायद्यांची तुलना करून ती मराठीत मांडायची, असं ते काम. जागा एकच. ती हुकली तर भाची चेन्नईला एका कंपनीचे करार तपासायला जाणार होती, आणि ते तिला मुळीच नको होतं.

मराठीची काळजी करू नकोस, असं मी तिला छातीठोकपणे सांगितलं होतं. तमिळ मुलखात येऊन वसलो तरी आपण पिढ्यान्‌पिढ्या तीच भाषा बोलतोय. बदलली ती पुणेकरांनी.

मी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर खुर्ची ओढून बसलो. तोंड उघडायचं नाही, ही भाचीची ताकीद.

पहिलाच प्रश्न आला, ब्रिटन आणि भारत यांत फरक काय? भाची न अडखळता म्हणाली, "तिथं सरकारनं सट्टम् करून स्वतःला बांधून घेतलंय. आपल्याकडे हवामानाचं तसं सट्टम् नाही."

बाईंनी चष्मा काढला. "ब्रिटिश सरकार हवामानावर सट्टा लावतं?"

हसू लपवायला मी टेबलाखाली पेन शोधू लागलो. सट्टम् हा तमिळ शब्द. आमच्या घरांत तो इतका मुरलाय, की तो मराठी नाही हे कुणीतरी दचकल्यावरच आम्हाला आठवतं. त्याचा अर्थ कायदा, आणि तसबिरीची चौकटसुद्धा.

भाची उठली, भिंतीवरची माझी वकिलीची सनद उतरवली आणि मागचा पुठ्ठा काढून कागद बाहेर ओढला. ताकीद होती म्हणून, नाहीतर मी ओरडलोच असतो.

"मॅडम, आम्ही यालाही सट्टम्‌च म्हणतो," रिकामी चौकट पुढे धरून ती म्हणाली. मग तिनं सांगितलं, की ब्रिटनमध्ये उत्सर्जन किती आणि कधीपर्यंत कमी करायचं हे कायद्यानं बांधलेलं आहे, स्वतंत्र समितीची त्यावर नजर आहे आणि सरकारला संसदेत उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे धोरणं आहेत, मोहिमा आहेत, पर्यावरणाचे नि ऊर्जेचे कायदे आहेत, न्यायालयाचे निकालही आहेत. पण सगळी सुटी चित्रं. हे बोलताना ती माझी सनद दोन बोटांत धरून फडफडवत होती.

"चौकट असली म्हणजे चित्र चांगलं असतं का?" बाईंनी विचारलं.

"नाही. पण आतलं चित्र कुणी काढून नेलं, तर रिकामी चौकट लोकांना दिसते. सुटं नेलं तर पत्ताही लागत नाही."

बाई बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या.

आठवड्यानं पत्र आलं. निवड झाली होती. अट एकच, रुजू होण्याआधी महिनाभर मराठीचा वर्ग करावा. मी म्हटलं, मीच शिकवतो की.

"नको मामा," भाची म्हणाली. "तुमच्यामुळेच तर वर्ग लागलाय."