सम सापडली नाही

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकला एका सोळा वर्षांच्या मुलीचं पियानोवादन होतं. पियानो मुंबईहून टेम्पोने आला होता, म्हणून आयोजकांनी पहिला हार त्यालाच घातला.

माझ्या शेजारी एक साठीचे गृहस्थ बसले होते. त्यांचं नाव मी विचारलं नाही. वादन सुरू होताच त्यांचा हात मांडीवर ताल धरू लागला. समेला दाद द्यायची म्हणून त्यांनी मानही तयार ठेवली होती. सम काही येईना. त्यांनी बोटांवर मात्रा मोजल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या आणि सम मीच लपवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

मुलगी जरा थांबली की लोक संपलं समजून टाळ्या वाजवायचे, ती पुन्हा सुरू झाली की ओशाळायचे. "दहावीला किती पडले हिला?" मागच्या बाईंनी विचारलं. प्रमुख पाहुण्यांनी अभ्यास सांभाळून छंद जोपासायला सांगितलं आणि एखाद्या सिनेमातल्या गाण्याची फर्माईश केली. मुलीने नम्रपणे नाही म्हटलं आणि एक संथ रचना सुरू केली.

बऱ्याच वेळाने माझं लक्ष शेजारी गेलं. त्यांचा हात मांडीवर नुसताच पडून होता.

बाहेर ते स्कूटर काढत होते. मी विचारलं, "सापडली का सम?"

"नाही हो. शेवटी मोजायचंच विसरलो."

किक मारता मारता ते थांबले.

"पंचवटीत कुणाला बोलू नका हं. चाळीस वर्षं तबला शिकवतोय मी तिथे."