करडी लोकर

वहिनीच्या आईनं हातानं विणलेलं स्वेटर मी उसवलं. पुरं. पाठ, पोट, दोन्ही बाह्या. चहा मांडून, पिऊन, कप इसळून ठेवाले जेवढा वेळ लागते ना, तेवढ्या वेळात. आणि वहिनीची आई तिच्या लग्नाच्या आधीच वारली. म्हणजे दुसरं विणून मागाले माणूसच नाही.

मले हे उसवतानी माहीत नव्हतं. आधीच सांगून ठेवतो, काहून का आमच्या घरी अजूनबी कोणी ना कोणी म्हणते, "माहीत असून केलं असन त्यानं, नाटक्या आहे तो." नाटक्या आहे, हे खरं. ढाणकीच्या बाजारातला अडत्या, बसचा कंडक्टर, शाळेतले हेडसर, सगळे माह्या गळ्यात राहतात. हेडसर रिटायर झाले, पण माह्या तोंडून अजून पोट्ट्यायले प्रार्थनेले उभे करतात.

विणणंबी मी नक्कल करता करताच शिकलो. आई दुपारी क्रोशाच्या सुईनं तोरणं, रुमाल विणे. विणतानी तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर येई आणि डोकं असं डुले, जसं कोणाले हो हो म्हणून राह्यली. मी समोर बसून तसंच करो. शेजारच्या काकू हसू हसू लोळत. एक दिवस पायतो तं माह्या बोटाखाली खरीच साखळी पडलेली. मग आईनं खांब नावाचा टाका शिकवला, अर्धा खांब शिकवला. मुका खांब शिकवतानी म्हणे, "आता मुका घे." मी तिच्या गालाचा घेतला. तिनं सुई टोचली. तेव्हापासून मुका खांब मले नीट येत नाही. मुकं राहणं मले तसंबी कधी जमलं नाही.

तर यंदाच्या थंडीत बाबाचं जुनं स्वेटर कोपरावर फाटलं. शेतात सकाळी सकाळी असा गारठा, का तुरीच्या ओळीतून चाललं तं पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली. मी म्हटलं, जुनं उसवतो आणि त्याच लोकरीचं साधं, उबदार स्वेटर विणतो. त्यात काही कलाकारी नाही. दोन चौकोन विणाचे, एक पाठीले, एक पोटाले. दोन नळ्या बाह्यायच्या. मग शिवून टाकाचं. आईले लय आनंद झाला. पोट्टं मोबाईल सोडून काही धरून राह्यलं, हेच तिले पुष्कळ होतं.

ती गिरणीवर दळण आणाले निघाली आणि दारातून म्हणे, "पेटीत वरच हाये पाय, करडी लोकरीचं. ते घे. उसवलं का कोमट पाण्यात टाक, म्हणजे सरळ होईन."

"हो," म्हटलं.

आता तुम्हीच सांगा, शेतकऱ्याच्या पोट्ट्यानं करडी ऐकलं तं त्याच्या डोळ्यासमोर काय येईन? करडी म्हणजे धुऱ्याले लावतो ते काटेरी पीक. गाई-म्हशी आत घुसू नये म्हणून. त्याचं तेल निघते. फुलं पिवळी, आणि सुकली का केशरी. करडी रंग म्हणजे करडीच्या फुलाचा रंग. याच्यात इचार कराले जागाच नव्हती.

पेटी उघडली. वर एक राखाडी स्वेटर होतं, फाटक्या कोपराचं. त्याच्या बाजूले, फडक्यात गुंडाळलेलं, पिवळं-केशरी. राखाडी बाबाचंच होतं, पण आईनं करडी म्हटलं म्हणजे बाबाचं अजून एखादं जुनं असन, असं समजून मी ते बाजूले सारलं. खरं सांगतो, मनात आलंबी, का बाबानं हे असं नवरदेवासारखं स्वेटर कधी घातलं असन? मग वाटलं, जवानीत घातलं असन. मले लय हसू आलं.

शिवण कापली. टोक सापडलं. क्रोशाचं काम कसं असते, शेवटचा एकच फासा जीव धरून राहते. तो ओढला का सारं सुटते. सर्र सर्र सर्र. एकेक ओळ जाऊन राह्यली आणि मी कबड्डीची कॉमेंट्री करून राह्यलो, "आणि हा गेला गडी, बाद, बाद, बाद!" पोट आणि बाह्यायची लोकर कोमट पाण्यात टाकली. पाठीचा गोळा गुंडाळून हाती ठेवला. मनात म्हटलं, आई येऊन शाबासकी देईन.

आई आली. पिठाचा डबा तिनं खाली ठेवला नाही. डोक्यावरच धरून उभी राह्यली.

"हे काय उसवलं?"

"करडी."

"करडी?" आवाज एवढासा. "करडी म्हणजे राखाडी. रंगाचं नाव हाये ते. लोकरीच्या दुकानात तेच म्हणतात. राखाडी स्वेटर नाही दिसलं तुले, आंधळ्या?"

"मग सांगाचं ना राखाडी! करडीची फुलं राखाडी असते का?"

मले वाटलं, जिंकलो. मग आई डबा घेऊनच भिंतीले टेकून खाली बसली. डब्यातलं पीठ तिच्या पदरावर सांडलं, तिनं झटकलं नाही.

"ते तुह्या वहिनीच्या मायचं होतं रे."

वहिनी तेव्हा माहेरी, फुलसावंगीले गेलती. जायच्या आधी तिनं कपडे उन्हात टाकलते. आईनं संध्याकाळी गोळा केले, आणि ते फडकं चुकून आमच्या पेटीत गेलं. वहिनी ते कधी घाले नाही, म्हणून मी कधी पायलं नव्हतं. तिच्या मायनं लेकीसाठी विणलं, आणि तिच्या हातचं तेवढंच राह्यलं होतं. साड्या बहिणीयनं वाटून घेतल्या. दागिने भावाकडे गेले. वहिनीनं स्वेटर मागलं होतं.

मी बादलीकडे पायलं. पाण्याले पिवळसर रंग सुटला होता. माह्या घशात कोणाचाच आवाज नव्हता. अडत्याचा नाही, हेडसरचा नाही, माहा स्वतःचाबी नाही.

आई म्हणे, "शनिवारी येते ती. चार दिवस हायेत. विण."

"म्हणजे खोटं?"

"विण म्हणलं ना. सांगाचं कसं ते मी पायतो."

मी पाठीचा गोळा घेऊन बसलो. ती लोकर पाण्यात गेली नव्हती. पायतो तं कुरळी, शेवयासारखी. प्रत्येक फाशाचं वळण तिच्यात तसंच्या तसं बसलेलं. उसवतानी शेवट आधी सुटते आणि सुरुवात मागून, म्हणून गोळ्याचं वरचं टोक म्हणजे त्या बाईनं घातलेली पहिली साखळी. मी सुई घातली. लोकर आपोआप वळली. मी जराशी सैल ओढली तं वळण सुईवर बसेच ना. घट्ट ओढली तं पुढचं वळण अर्ध्यात ये. बरोबर तिच्या हाताएवढी ओढली तेव्हाच बसे.

मी सुई खाली ठेवली. मी आजवर ज्याची ज्याची नक्कल केली, त्याले आधी पायलं होतं. हे माणूस मी कधी पायलं नव्हतं, आणि त्याचा हात माह्या हातात येऊन राह्यला होता.

दुसऱ्या दिवशी मले तिचा हात पाठ झाला. ओळ सुरू करतानी ती घट्ट. मधात सैल. ओळ संपतानी पुन्हा घट्ट, जसं कोणी हाक मारून राह्यलं आणि तिले उठाचं आहे. एका ठिकाणी तीन ओळी अशा आवळलेल्या, का सुई घुसे नाही.

"आई, हे पाय. इथं काय झालं असन?"

आईनं बोटानं दाबून पायलं. "रागात असन बाई."

"कोणावर?"

"मले काय सांगून गेली का ते?" मग विण परत माह्या मांडीवर टाकून म्हणे, "पुरे कर आता. मले भेव वाटून राह्यलं."

तरी मी विणत गेलो. खोटं का होईना, पण हुबेहूब होऊन राह्यलं होतं, आणि खरं सांगतो, मले थोडी मजाबी येऊन राह्यली होती. नक्कल जमली का जी येते, ती. तेच चुकलं माहं.

वहिनी शुक्रवारीच आली. गावाकडचं कोणी गाडीनं ढाणकीले येत होतं, त्यायच्यासोबत. दारात गाडीचा आवाज आला तेव्हा अर्धी पाठ माह्या मांडीवर होती. मी घाबरलो आणि घाबरलो का मी जे करतो तेच केलं. कंडक्टर झालो. "चला चला ढाणकी, ढाणकीवाले उतरून घ्या, सामान पाहून घ्या!"

वहिनी हसत आत आली. "काय भाऊजी, तिकीट फाडता का..."

मग तिनं मांडीकडे पायलं. पिवळं. हसू तोंडावरच राह्यलं, पण त्याच्या मागं काही नव्हतं. लाईट गेल्यावर पंखा थोडा वेळ फिरते ना, तसं.

आईनं तीन दिवस काय काय जुळवलं होतं, तिलेच ठाऊक. ती स्वयंपाकघरातून आली आणि पदराले हात पुसत भिंतीजवळ उभी राह्यली. मलेच सांगा लागलं. "वहिनी, मी उसवलं. करडी म्हणजे मले पिवळं वाटलं. बाह्या आणि पोट पाण्यात टाकलं. पाठ तेवढी राह्यली होती, ते पुन्हा विणून राह्यलो."

मले वाटलं ती ओरडन. रडन. बाहेरगावी दादाले फोन लावन. मी तयार होतो. ती खाली बसली, माह्या मांडीवरून अर्धी पाठ उचलली, सुई काढून बाजूले ठेवली, आणि फासा ओढला.

सर्र.

"वहिनी!"

"थांबा."

तिनं माही तीन दिवसाची पुरी विण सोडून टाकली. हळूहळू. मी कॉमेंट्री करत सोडली होती, तिनं एकेक ओळ पाहत सोडली. शेवटी मांडीवर कुरळ्या लोकरीचा ढीग झाला. तिनं एक धागा उजेडात धरला.

"हे वाकडं तिनं केलं का तुम्ही?"

"तिनं. मी तिच्यावरूनच घालत होतो. ओळ सुरू करतानी ती घट्ट धरे, मधात..."

"दाखवा."

"काय?"

"ते कशी धरे ते. दाखवा."

आईनं माह्याकडे असं पायलं, का पोट्ट्या, आता जर तू नाटक केलं. पण नाही कसं म्हणणार? मी रिकाम्या हातानं सुई धरल्यासारखं केलं आणि हवेतच चार खांब घातले. पहिला घट्ट, मग सैल, मग सैल, मग घट्ट.

वहिनी पाहत राह्यली. मग म्हणे, "नाही. ते सुई पेनासारखी नाही धरे. चाकूसारखी धरे. भाजी कापतो तशी. आणि करंगळी वर राहे. तिची करंगळी लहानपणी कडबा कापतानी मोडलती, ते वाकतच नव्हती."

मी चाकूसारखी धरली. करंगळी वर केली. पुन्हा चार खांब घातले.

वहिनीनं तोंडाले पदर लावला आणि आत गेली. आम्ही दोघं, मी आणि आई, तसेच बसून राह्यलो. माही करंगळी वरच होती. खाली घ्यावी का नाही, मले समजेना.

थोड्या वेळानं ती बाहेर आली, डोळे धुतलेले. कुरळ्या लोकरीचा ढीग तिनं ओटीत घेतला. आई म्हणे, "पोरी, पाण्यात टाकू नको, मी हळू गुंडाळून देतो." वहिनी म्हणे, "हे मी विणू देत नाही. हे वाकडंच राहू द्या." आणि ती लोकर तिनं स्टीलच्या डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि डबा तिच्या कपाटात.

"आणि बाकीची?" मी विचारलं.

"ते तं सरळ झाली. तिचं काही करा."

मग सात-आठ दिवस ती माह्याशी बोलली नाही. पोळी वाढे, भाजी वाढे, पाणी ठेवे, पण भाऊजी म्हणे नाही. घरात माह्यासोबत कोणी न बोलणं हे मले पहिल्यांदा कळलं, कारण एरवी मी कोणाले बोलू देतच नाही. दादानं फोनवर फक्त एवढं म्हटलं, "तू ना, बे," आणि फोन ठेवला. मी बाजारात गेलो तं पोट्टे म्हणे, "कर ना बे हेडसर." नाही केले.

धुतलेली लोकर वाळली. पुऱ्या स्वेटरले पुरणार नव्हती, बाह्या सोडून द्या लागल्या. मी दुपारी ओसरीत बसून बिनबाह्याचं विणाले घेतलं. कोणासाठी, हे कोणी विचारलं नाही, मीबी सांगतलं नाही. सरळ लोकर कोणाच्याच हाताचं काही सांगत नव्हती, तरी मी सुई चाकूसारखीच धरली. सवय नसल्यानं बोटं दुखे. ओळ मधातच वाकडी जाय.

एका दुपारी वहिनी कपडे वाळत टाकून आत येत होती. माह्याजवळ आली आणि थांबली. मी वर पायलं नाही, टाके मोजत असल्यासारखं केलं. मोजत काहीच नव्हतो.

"भाऊजी," ती म्हणे, "करंगळी खाली आली."

मी वर केली. ती रिकामी बादली कमरेले लावून तिथंच उभी राह्यली, ओळ संपेपर्यंत. मग दुसऱ्या ओळीलेबी.