पाठमोरी

तुयेच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि महिन्याभरात माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा आला. समोरच्या घरातले चित्रकार वारले होते. उभा जन्म मुंबईत काढून म्हातारपणी पेडण्याला परतलेला हा एकटा माणूस. घर आणि आतली सगळी चित्रं त्यांनी गावाला लिहून दिली. गावाने संग्रहालय केलं, फीत कापली, आणि राखणीला समोरचा रिकामा माणूस म्हणून मला बसवलं.

कोणी फिरकेना. पहिल्या महिन्यात दोन पर्यटक आले, ते तेरेखोलची वाट विचारायला.

आतल्या खोलीत एक चित्र होतं. खिडकीच्या उजेडात, जनेलापाशी पाठमोरी उभी असलेली बाई, दोन्ही हात वर करून अंबाड्यात अबोली माळणारी. खाली नाव नव्हतं. एका सकाळी पावाचे उंडे घेताना मी पाववाल्या पोदेराला हळूच म्हटलं, "ती बाई आपल्याच गावची हां. चित्रकारांनी स्वतः मला सांगितलं. पण नाव मी घेणार नाही."

पोदेराची सायकल दारोदार जाते. दुपारपर्यंत संग्रहालयात पाय ठेवायला जागा नव्हती.

"हे कोपर आमच्या जावेचंच," एकजण म्हणाली. दुसरीने मान हलवली, "तिचा अंबाडा कधी एवढा होता?" गावातल्या निवृत्त मुख्याध्यापिका तर तीनदा आल्या. तिसऱ्यांदा चित्राकडे पाठ करून, हात वर धरून उभ्या राहिल्या.

"कसं वाटतं?"

"बाई, उजेड वेगळा पडलाय," मी म्हणालो. याहून धीटपणे मी त्यांच्यापुढे कधी बोललो नव्हतो. मला चौथीत त्याच शिकवायला होत्या.

चौथ्या दिवशी माझी बायको आली. तोवर तिने उंबरठाही ओलांडला नव्हता. चित्रासमोर मिनिटभर थांबली आणि म्हणाली, "ही मी."

"तू?"

"लग्नाच्या आधी. कारापूरला माहेरी आमच्या शेजारी त्यांची बहीण राहायची. सुट्टीत यायचे ते." एवढं बोलून ती माशाचं हुमण करायला घरी निघून गेली.

मी हसलो. मग हसू येईना. भिंग आणून त्या पाठीचा इंच न् इंच पाहिला. तीस वर्षं संसार केला, पण बायकोची पाठ मला ओळखता येईना. शेवटी कोकमाची सोलं द्यायच्या निमित्ताने बस धरून कारापूर गाठलं. मेव्हण्याला विचारलं, "तुमच्या शेजारी कोणी चित्रकार यायचे?"

"यायचे तर! आम्हा पोरांना रंगीत खडू द्यायचे," तो म्हणाला. "का हो भावोजी?"

"सहज."

घरी आलो तेव्हा ती नीरफणसाच्या फोडी करत होती. मी सगळं कबूल केलं. चित्रकार माझ्याशी त्या बाईबद्दल अक्षरही बोलले नव्हते, गर्दी जमावी म्हणून मीच पुडी सोडली होती. तिला इतकं हसू आलं की सुरी खाली ठेवावी लागली.

"आणि तुझं?" मी विचारलं.

"माझं खरं आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "एक आख्खी सकाळ उभी होते. हात बधिर झाले. आई बाजूला बसून तांदूळ निवडत होती, तेव्हा तुम्ही तोंड बारीक करू नका."

मग ती रोज यायला लागली. त्या चित्राशेजारी घरची लाकडी कदेल टाकून बसते आणि येणाऱ्याला सांगते, अबोली कोणाच्या परसातली, जनेल कोणत्या रंगाचं होतं. मुख्याध्यापिका बाई मात्र आता रस्त्यात दिसल्या तरी आम्हाला ओळख देत नाहीत.

गेल्या रविवारी डिचोलीहून एक महिला मंडळ बस करून आलं. पाठमोरीची गोष्ट ऐकून बायका खूश झाल्या. मग बायको उठली आणि त्यांना बाहेरच्या खोलीत घेऊन गेली. तिथे खाडीचं मोठं चित्र आहे, मधोमध तांदळाएवढी होडी, होडीत एक ठिपका.

"ही होडीत बसलीय ना," ती म्हणाली, "तीसुद्धा मीच."

मी तोंड उघडणार होतो. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी निमूटपणे अभिप्रायाची वही पुढे केली. मंडळ दोन तास हललं नाही.