धुऊन वाळत घातलेला रणगाडा

दोन खोल्यांत छंद जपणाऱ्यांनो, आपल्या वस्तूला घरात हक्काचा कोपरा नाही, हे दुखणं आपल्या सगळ्यांचं आहे.

चार महिने खपून मी खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटांचा, मोटरवर चालणारा रणगाडा बनवला. रविवारी चारकोपच्या प्रदर्शनात तो मांडायचा होता.

आज घरी आलो, तर आईने दसऱ्याच्या साफसफाईत त्याची वीट न् वीट सुटी करून, साबणाने धुऊन सुपात वाळत घातलेली. मोटरसुद्धा. ती आता फिरत नाही.

"अगं आई, चालायचा ना तो!"

"चालायचा? मला कधी दाखवलास रे?"

खरंच, कधीच दाखवला नव्हता. मी सुपातली एकेक वीट पुसायला घेतली. रागही आला नाही.

तुम्ही जे बनवताय, ते अर्धवट असलं तरी आजच घरच्यांच्या हातात देऊन दाखवा.