म्हातारी कशानं पुसावी

सन दोन हजार बावीस. मी त्या वर्षी बहात्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, पण दगड मी असे जमवले आहेत की शिकलेल्यांनी पाहत राहावं. समुद्रपूरकडे कुठं विहीर खोदताहेत असं कळलं की मी सायकल काढायचो. सुरुंग उडाला की काळ्या दगडाच्या पोटातून काय काय निघतं! लोक पाणी लागलं का म्हणून विहिरीत वाकायचे, मी बाहेरच्या ढिगाऱ्यात. असे पंधरा-वीस दगड आणि नदीतले गुळगुळीत अकीक आमच्या ओसरीतल्या फळीवर मांडलेले असतात.

त्यातला एक फार जिवाचा. काळ्या दगडात मुठीएवढी पोकळी आणि तिच्यात पांढऱ्या, केसासारख्या बारीक सुया दाट उभ्या. रुईच्या झाडाची शेंग फुटली की वाऱ्यावर म्हातारी उडते, अगदी तशी. म्हणून त्या दगडाचं नाव मी म्हातारी ठेवलं. घरची म्हातारी त्यावरून अजून चिडते.

मुलगी सिंदी मेघेला राहते, वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत काचेचं कपाट आलं, तेव्हा तिनं सांगून टाकलं की माझ्या बाबांचे दगड आणते. शनिवारी संध्याकाळी ती न्यायला येणार होती. आठ दिवस आधी येऊन एक पिशवी ठेवून गेली. तिच्यात दात घासायचे नरम ब्रश, बांबूच्या काड्या आणि दाबली की फुस्स करून हवा सोडणारी रबरी पिचकारी.

"बाबा, अकीकाले साबणाचं पाणी अन् ब्रश चालते. पण म्हातारीले काईच लावू नका. नुसती हवा मारजा."

"तू मले दगड शिकवते काय? तू रांगत होती तवापासून म्हातारी या घरात आहे."

"म्हणूनच तर इतकी धूळ चढली तिच्यावर."

"कोणावर वं?" आतून तिची आई ओरडली.

शनिवारी सकाळी मी अंगणात बसलो. अकीक तिच्याच ब्रशानं घासले, ते असे उजळले की ओले आहेत की कोरडे कळेना. मग म्हातारी पुढ्यात घेतली. तारेचा ब्रश तर नकोच. चिंचही नको, कारण मागं एक चौकोनी खडा देवाच्या तांब्यासारखा चिंचेनं घासला आणि त्याची चमक गेली ती गेलीच. दाढीचा ब्रश जाड. राहिली पिचकारी. पण या वयात अंगणात बसून लेकराच्या खेळण्यासारखी फुस्स फुस्स करायची? माझा जन्म कापसात गेला. जखम पुसायची तर कापूस, तान्ह्याचे डोळे पुसायचे तर कापूस. त्याच्याहून नरम काय असणार! मी घरचाच कापूस घेतला, बांबूच्या काडीला गुंडाळला आणि सुयांमध्ये घातला.

गेला छान. बाहेर येईना. मी जरासा ओढला तर आत बारीक कट् असं वाजलं आणि तीन सुया तळहातावर पडल्या. बाकीचा कापूस तुटून आतच अडकला. पांढऱ्यात पांढरं. सुई कोणती, धागा कोणता, काही कळेना.

माझ्या तोंडून "हात् तिच्या!" निघालं, तशी बायको बाहेर आली.

"काय झालं? म्हातारीचे केस उपटून राह्यले काय?"

मी दगड तिच्यापुढं धरला. तिनं दगड पाहिला, मग माझा चेहरा पाहिला आणि आतून काटा काढायचा चिमटा घेऊन आली.

"धरू कोणाले? सारं एकसारखंच दिसते."

तेव्हा मला सुचलं. कापूस भिजला की आडवा पडतो, हे मला कोणी पुस्तकातून सांगायला नको. मी बोटांनी पाणी शिंपडलं. धागे चिकटून खाली बसले, सुया ताठच उभ्या! बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला माझ्यापेक्षा नीट दिसतं. मी दगड फिरवत राहिलो, ती एकेक धागा उपसत राहिली. चार वाजले तेव्हा म्हातारी लख्ख झाली होती. तीन सुया मी काडेपेटीत घालून खिशात ठेवल्या आणि दगड परत फळीवर मांडले.

संध्याकाळी मुलगी मुक्कामाला आली. फळीजवळ जाऊन उभीच राहिली.

"बाबा! काय साफ केली हो! पिचकारीनंच ना?"

"हं," मी म्हणालो.

बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. मुलीपुढं मी तोवर कधी खोटं बोललो नव्हतो, ती खिशातली काडेपेटी मला बसू देईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दगड खोक्यात भरू लागली. अकीक झाले. मग म्हातारी खोक्यात ठेवून तिनं आईला हाक मारली, "आई, थोडा कापूस दे वं. हिच्या भवताल लावतो."

"कापूस नको!" मी असा ओरडलो की दारातलं कुत्रं उठून पळालं.

"काऊन बाबा?"

मी खिशातली काडेपेटी काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं उघडली, सुया पाहिल्या, मग आईकडे पाहिलं. आई पदर तोंडाला लावून हसत होती.

"कापसानं पुसली," मी म्हणालो. "तुयी पिचकारी पिशवीतच आहे."

ती रागावली नाही. काडेपेटी बंद करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. "हे बी नेतो. पोरायले भिंगातून दाखवाले कामी येईन." मग म्हातारीभोवती तिनं आपली मऊ ओढणी गुंडाळली, सुयांना लागणार नाही अशी.

ती बसनं गेली. मी फळीवरचे उरलेले दगड अंगणात आणून मांडले, पिशवीतून पिचकारी काढली, रस्त्यावर कोणी नाही हे पाहून घेतलं आणि पहिल्या दगडावर फुस्स केलं.